विश्लेषण : जुनी एमपीएफआय गाडी झटके देते, पण दोष खरंच सेन्सरचा असतो का?

बिबवेवाडीतल्या लहान गॅरेजांसमोर नव्या एसयूव्हींच्या गर्दीत अजूनही एखादी झेन, एस्टीम, पहिली सँट्रो किंवा जुनी होंडा सिटी बॉनेट उघडून उभी दिसते. तक्रारी ठरलेल्या. सिग्नलला बंद पडते. गंगाधामकडून आईमाता मंदिराचा चढ घेताना मिसिंग करते. ॲव्हरेज पडलंय. उत्तरही बऱ्याचदा ठरलेलंच असतं : 'सेन्सर गेलाय.' सेन्सर बदलतात, चार दिवस बरे जातात, मग गाडी पुन्हा तिथेच. त्यानंतर दुसरा सेन्सर, मग कॉइल, आणि शेवटी 'ईसीएम गेला असेल'. तोवर झालेला खर्च गाडीच्या बाजारभावाशी स्पर्धा करू लागतो आणि चांगली धडधाकट गाडी भंगारात निघते.

याचं खापर एकट्या मेकॅनिकवर फोडणं सोपं आहे. पण इथे सुटा भाग विकला की पैसे मिळतात, दोष शोधला की मिळत नाहीत. ही पद्धत बदलत नाही तोवर अंदाजाने भाग बदलणं थांबणार नाही.

ना विंटेज, ना नवी

सँट्रो आणि होंडा सिटी १९९८ मध्ये इंजेक्शन इंजिनासह बाजारात आल्या. २००० च्या आसपास मारुतीच्या एस्टीम, झेन आणि ८०० यांनीही कार्ब्युरेटर सोडला. पुण्यात तर १९९५ पासूनच मर्सिडीझची डब्ल्यू १२४ तयार होऊ लागली होती. या सगळ्या गाड्या आता पंचविशीच्या पुढे गेल्या आहेत. शौकीन त्यांना 'क्लासिक' म्हणतात, पण केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार विंटेज ठरायला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे सवलत नाही, आणि १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाचं मोटारीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून थेट ५,००० रुपये झालं. अशा गाडीवर अंदाजाने केलेला खर्च मालकाला परवडत नाही.

स्कॅनर का चालत नाही?

पुण्यासह देशातल्या मोजक्या शहरांत एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ लागू झालं आणि त्याच्याबरोबर ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची सक्ती आली. त्याआधीच्या गाड्यांना असं बंधन नव्हतं. म्हणून मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं ब्लूटूथ स्कॅनर अनेक जुन्या गाड्यांशी बोलतच नाही. अर्थात त्या गाड्या मुक्या आहेत असंही नाही. सुझुकीच्या त्या काळातल्या बऱ्याच इंजिनांत डायग्नोसिस कपलरमधल्या ठरावीक दोन पिना वायरने जोडल्या की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा मिचकायला लागतो. मिचकावण्या मोजायच्या आणि कोड वाचायचा. १२ आला, तर नोंदलेला दोष नाही.

मात्र कोड म्हणजे निकाल नव्हे. ऑक्सिजन सेन्सरने 'मिश्रण पातळ आहे' असं सांगितलं, तर पहिली शक्यता ही की तो खरं बोलतोय. कुठून तरी जास्तीची हवा आत येत असेल, पेट्रोल कमी दाबाने येत असेल किंवा सायलेन्सरचा पाइप सेन्सरच्या आधीच फुटला असेल. आपल्याकडे नेमका खरं बोलणारा सेन्सरच काढून फेकला जातो.

संगणकाला काय दिसत नाही?

ईसीएमचं काम तसं साधं. किती हवा आत आली हे ओळखायचं आणि त्या मापाने इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवायचं. पेट्रोलसाठी आदर्श प्रमाण एका किलोला १४.७ किलो हवा. यासाठी तो हवेचा दाब, इंजिनाचे फेरे, थ्रॉटल आणि पाण्याचं तापमान पाहतो. पण पेट्रोल किती दाबाने येतंय, हे या पिढीतल्या बहुतेक गाड्यांत मोजलंच जात नाही. दाब ठीकच असेल असं तो गृहीत धरतो. पंप थकला किंवा फिल्टर चोकअप झाला, तरी संगणकाच्या हिशेबात सगळं आलबेल असतं. हा दाब साधारण अडीच ते तीन बार असावा लागतो. तो बघायचा गेज ही काही महागडी वस्तू नाही. तरी किती गॅरेजांत तो रोजच्या वापरात असतो?

रबर, अर्थ आणि तापलेलं रिले

पंचवीस वर्षांत सगळ्यात आधी म्हातारं होतं ते रबर. इनटेकवरचे व्हॅक्यूम पाइप कडक होऊन चिरतात. एअरफ्लो मीटर असलेल्या गाडीत ही चोरटी हवा मोजली जात नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होऊन इंजिन थरथरतं. मॅप सेन्सरच्या गाडीत मात्र आयडलिंग वाढतं किंवा वरखाली होत राहतं. संशयित पाइप पकडीने दाबून बघायचा. इंजिनाचा सूर बदलला की चोर सापडला.

दुसरा संशयित अर्थची वायर. स्टार्टर मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं, तर अर्थ कमजोर आहे. अशा वेळी सगळेच सेन्सर थोडं थोडं खोटं बोलू लागतात आणि मेकॅनिकला 'ईसीएम गेला' असं वाटतं.

थंड असताना त्रास की गरम झाल्यावर, हा प्रश्न तर पाना हातात घेण्याआधीच विचारायला हवा. पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा रोध वीस अंशांना साधारण दोन-अडीच किलोओहम असतो आणि इंजिन तापल्यावर काहीशे ओहमवर येतो. तो वरच अडकला, तर संगणकाला वाटतं इंजिन अजून थंडच आहे. मग तो पेट्रोल ओतत राहतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज कोसळतं. उलट, उन्हात उभी केलेली गाडी सुरूच होत नाही आणि संध्याकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, हा नव्वदच्या दशकातल्या होंडांचा ओळखीचा आजार. त्यात बहुतेकदा मेन रिलेच्या सोल्डरला तडा गेलेला असतो. त्याच काळातल्या डब्ल्यू १२४ मध्ये इंजिनाच्या वायरिंगवरचं आवरणच भुगा होऊन गळायचं. तिथे सेन्सर बदलून काय होणार?

आणि आईमाताच्या चढावरचे ते झटके? धक्के तुटक, टोचल्यासारखे असतील, तर प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल यांच्याकडे बघायचं. गाडी धक्का न देता हळूहळू दम सोडत असेल, तर पेट्रोलच्या दाबाकडे. हा फरक चालवणाऱ्यालाच सगळ्यात चांगला सांगता येतो. फक्त ही परीक्षा पहाटे रस्ता मोकळा असताना घ्यावी. एरवी त्या उतारावर जड वाहनांच्या मध्ये बंद पडणं धोक्याचं.

डॅशबोर्डच्या कप्प्यातला रिपोर्ट

पीयूसीची पावती पोलिसांनी मागितली की बाहेर निघते, एरवी तिच्याकडे कुणी पाहत नाही. खरं तर ती इंजिनाचा रक्ताचा रिपोर्ट आहे. बीएस-२ आणि बीएस-३ च्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम. पहिला आकडा चढत गेला तर पेट्रोल जास्त जळतंय. दुसराच चढला तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराच धूर झाकतो, म्हणून एका पावतीपेक्षा दोन-तीन वर्षांच्या पावत्या शेजारी ठेवून पाहाव्यात. अट एवढीच, की नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातलेली असावी.

सध्या प्रत्येक झटक्याचं खापर ई-२० वर फुटतं. चिंता अगदीच खोटी नाही. ई-१० साठी जुळवलेल्या मोटारींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं आहे, आणि जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने लवकर खराब होतात. पण ॲव्हरेज तीस टक्क्यांनी पडलं असेल, तर ते इथेनॉलचं काम नव्हे.

दहा रुपयांच्या नळीचे किती पैसे?

समजा, मेकॅनिकने तासभर खपून फुटलेला व्हॅक्यूम पाइप शोधला. पाइपची किंमत अगदी किरकोळ. त्याने मेहनतीचे पाचशे मागितले की ग्राहक म्हणतो, 'एवढ्याशा नळीचे पाचशे?' हाच ग्राहक तीन हजारांच्या सेन्सरचे पैसे निमूटपणे देतो, कारण खोक्यातली वस्तू हातात दिसते. मग शोधत बसणारा मेकॅनिक मूर्ख ठरतो आणि खोकी विकणारा हुशार. नाना पेठेतून आणलेला जुना ईसीएम लावून बघणं हेही त्यातलंच.

डॉक्टरची फी आणि औषधाचं बिल वेगळं असतं, यावर कुणी वाद घालत नाही. गॅरेजमध्येही तपासणीचे पैसे आधी ठरवून वेगळे द्यायला हवेत, दोष सापडला नाही तरीही. त्या बदल्यात ग्राहकाने बिलावर आकडे लिहून मागावेत : पेट्रोलचा दाब किती भरला, अर्थला किती व्होल्ट पडले, थंड आणि गरम असताना सेन्सरचा रोध किती होता. काढलेला भाग परत घ्यावा. आणि त्या बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवावा, कारण पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेली, तर तिथल्या मेकॅनिकला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.