कानात वारे शिरले की

गेल्या पावसाळ्यात एक तरुण माझ्या दवाखान्यात आला. वय तेहतीस. महाळुंग्याच्या एका कारखान्यात भांडार विभागात नोकरी. राहायला तळेगाव स्टेशन भागात, आणि गेली अकरा वर्षे रोजची ये-जा मोटारसायकलवर. तक्रार अशी की, रात्री सामसूम झाली की दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजते, लांबवर रातकिडा किरकिरावा तशी. जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. पाच वर्षांची मुलगी मागून काही बोलली तर त्याला ते कळत नाही. "बाबा, तुम्ही ऐकतच नाही," म्हणून ती रुसून बसते.

कान तपासले. पडदे चांगले, मळ नाही, कान वाहण्याचा इतिहास नाही. श्रवणचाचणीचा आलेख काढला तेव्हा ४००० हर्ट्झपाशी दोन्ही बाजूंना खळगा दिसला. मोठ्या आवाजाने कान बिघडल्याची ही जुनी ओळखखूण आहे. पण भांडारात आवाज कसला? खोकी आणि कागदपत्रे. मोबाइलवर गाणी ऐकण्याची सवयही नव्हती. मग मी हेल्मेटचे विचारले. डोक्यावर अर्धे हेल्मेट, कान उघडे. पहिल्या पाळीला पहाटे निघायचे. इंदोरी, सुदुंबरे, खालुंब्रे असा रस्ता त्या वेळी बऱ्यापैकी मोकळा असतो. "ऐंशीला गाडी सहज जाते, डॉक्टर," तो अभिमानाने म्हणाला. रविवारी मित्रांबरोबर लोणावळ्याची फेरी ठरलेली.

एका रोग्यावरून सिद्धांत मांडू नये, हे मी जाणतो. पण जे या एका कानात दिसले, त्याची मोजमापे जगात कधीच झाली आहेत, आणि ती आपल्या भागातल्या दुचाकीस्वारांपर्यंत पोचलेली नाहीत. म्हणून आजचा हा लेख.

वासराच्या कानात वारे शिरले की ते उधळते, असे आपण म्हणतो. दुचाकीवर नेमके उलट घडते. आधी स्वार उधळतो, मग कानात वारे शिरते. आपल्याला वाटते, मोटारसायकलचा आवाज म्हणजे इंजिनाचा आणि सायलेन्सरचा. हळू जाताना ते खरे आहे. पण वेग वाढला की वाऱ्याचा आवाज इंजिनावर मात करतो. डोके, हेल्मेटची कडा, हनुवटीखालची फट, आरसे यांवर हवा आपटते आणि तिचे भोवरे होतात. नदीच्या पात्रातल्या खडकामागे पाणी घुमते तसेच हे. ते भोवरे कानाच्या अगदी तोंडाशी घुमतात. मॅकोम्ब या ब्रिटिश कानतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मोटारसायकलस्वारांवर केलेले काम या विषयात पायाभूत मानले जाते. ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत कानाशी ९० डेसिबल आवाज भरतो, आणि ताशी १६० ला तो ११० डेसिबलपर्यंत चढतो. तासभर वेगाने गाडी चालवून उतरलेल्या स्वारांची श्रवणशक्ती तात्पुरती उतरलेली आढळली. एवढ्या आवाजात तासन् तास काढणाऱ्यांची ती कायमची उतरते.

त्यात आपल्या मावळचा वारा. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून, लोणावळ्याच्या बाजूने येतो. चाकणहून संध्याकाळी तळेगावकडे परतणाऱ्याला तो समोरून लागतो. गाडीचा वेग ६० आणि समोरचा वारा २० असेल, तर काटा साठावर असला तरी कानाला लागतो तो ऐंशीचा वारा.

हे आकडे किती वाईट? अमेरिकेतील 'नायॉश' ही कामगारांच्या आरोग्याची संस्था सांगते की, ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसावा, त्याहून जास्त नको. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. ऐंशीच्या वेगात कानाशी साधारण ९४-९५ डेसिबल होतात. म्हणजे मोकळ्या रस्त्यावरच्या अर्ध्या तासात दिवसभराच्या आवाजाचा निदान निम्मा शिधा संपला. चाकणच्या कोंडीत गाडी अडकली की वारा थांबतो हे खरे, पण तिथे ट्रकचे हॉर्न असतात. जो भांडारात बसतो त्याचे कसेबसे निभावेल. जो प्रेस शॉपमध्ये किंवा फोर्जिंगमध्ये उभा असतो, त्याने आपला शिधा कारखान्यातच संपवलेला असतो. रस्त्यावरचा आवाज मग उधारीवर चालतो, आणि उधारी कानाच्या पेशींनी फेडायची असते.

या पेशींची थोडी माहिती हवी. अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात प्रत्येक कानाला सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांचे सूक्ष्म केस हलतात आणि त्या हालचालीचा संदेश मेंदूकडे जातो. भाताच्या खाचरातून एकदा चालत गेलात तर रोपे वाकतात आणि पुन्हा उभी राहतात. रोज त्याच वाटेने गेलात तर पायवाट पडते आणि तिथे पुन्हा काही उगवत नाही. माणसाच्या केसपेशी एकदा मेल्या की नव्याने येत नाहीत. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, शस्त्रक्रिया नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स, श, थ, फ ही अक्षरे, पाखरांची किलबिल, बायकांचे आणि लहान मुलांचे बोलणे. पुरुषांचे जाड आवाज ऐकू येत राहतात, म्हणून माणसाला वाटते, माझे कान ठीक आहेत, घरचेच पुटपुटतात.

आता माझी खरी तक्रार. आपल्या औद्योगिक पट्ट्यात आवाज हा धोका आहे, हे कायद्याने कधीच मान्य केले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने आवाजामुळे येणारे बहिरेपण सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत घातले. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा वर्षानुवर्षे धरली गेली. म्हणून मोठ्या कारखान्यांत गोंगाटाच्या विभागाबाहेर फलक असतो, कानात घालायचे बोळे मिळतात, श्रवणचाचणी होते. पाळी संपली की कामगार ते बोळे गेटपाशी काढून डब्यात टाकतो, गाडीला किक मारतो आणि तितक्याच आवाजात घरी जातो. कारखान्यात दोन कान आणि रस्त्यावर वेगळे दोन, अशी काही सोय देवाने केलेली नाही. पाळी माणसाची संपते. कानाची हजेरी चोवीस तास चालूच असते.

रस्त्यावरचे नियम पाहावेत तर तेही बाहेरच्यांच्या कानांसाठी. नव्या दुचाकीचा आवाज मोजतात तो गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर ध्वनिग्राहक ठेवून, आणि मर्यादा ७५ ते ८० डेसिबलच्या घरात असते. पुण्यातली एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. हे योग्यच आहे, पण त्यात रस्त्याकडेच्या माणसाचा विचार झाला, स्वाराच्या कानातल्या वाऱ्याचा नाही. हेल्मेटची सक्ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने आहे. १ जून २०२१ पासून मानक चिन्हाविना हेल्मेट विकता येत नाही. ती सक्ती कवटीसाठी आहे, आणि मी तिचा पूर्ण पुरस्कर्ता आहे. पण हेल्मेटच्या खोक्यावर आत आवाज किती शिरेल, हे छापलेले मी तरी पाहिलेले नाही.

इथे एक वाचक म्हणेल, "डॉक्टर, हेल्मेटनेच ऐकू येत नाही, आणि तुम्ही वर बोळे घालायला सांगता!" पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्ती सुरू झाली, तेव्हा विरोधकांच्या तोंडी हाच मुद्दा होता. तो उभे राहून हेल्मेट घातले तर खरा वाटतो. पण गाडी धावू लागली की हेल्मेट आणि बोळा हॉर्न जेवढा कमी करतात, तेवढाच वाराही कमी करतात. दोहोंतला फरक तसाच राहतो. उघड्या कानावर वाऱ्याचा ढोल वाजत असताना मागच्या गाडीचा हॉर्न बुडूनच जातो. अमेरिकेत १९९० च्या दशकात प्रत्यक्ष रस्त्यावर स्वारांची परीक्षा घेतली, तेव्हा हेल्मेटमुळे हॉर्न ऐकण्यात अडथळा आला नाही, असेच दिसले. खरा अडथळा वेगाचा आहे.

करायचे काय, ते सांगतो. पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे वेग कमी करणे. ऐंशीचा साठ केला तर इंदोरी ते महाळुंगे थोडीच मिनिटे जास्त लागतील, आणि कानावरचा भार निम्म्याहून कमी होईल. दुसरा उपाय, पूर्ण चेहऱ्याचे आणि मापाचे हेल्मेट. डोके हलवले तर हेल्मेट वेगळे हलता कामा नये. गालाला घट्ट बसले पाहिजे. काच पूर्ण बंद ठेवावी. वारा शिरतो तो खालून, म्हणून गळ्याभोवती रुमाल किंवा स्कार्फ नीट गुंडाळून हनुवटीखालची फट बुजवावी, त्याचे टोक मात्र मोकळे लोंबू देऊ नये. समोर उंच काच बसवली असेल आणि तिच्या कडेवरून आलेला वारा थेट हेल्मेटवर आपटत असेल, तर आवाज उलट वाढतो. अशी काच बदलावी किंवा काढावी.

पण नुसत्या हेल्मेटवर भिस्त ठेवू नका. वाऱ्याचा आवाज जाड, खालच्या पट्टीचा असतो आणि हेल्मेटचा थर्माकोल तो फारसा अडवत नाही. लांबच्या फेरीला, पहाटेच्या मोकळ्या रस्त्याला कानात फोमचे बोळे हवेतच. एका वडापावच्या किमतीत जोडी मिळते. नीट बसवले तर पंधरा-वीस डेसिबल सहज कमी होतात. बसवण्याची रीत अशी. हात स्वच्छ धुवावेत. बोळा बोटांत वळून उदबत्तीसारखा बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा. कापसाच्या बोळ्याचा उपयोग नगण्य. मोबाइलचे इअरफोन हा बोळा नव्हे. वाऱ्यावर मात करायला त्यांचा आवाज वाढवावा लागतो आणि दुखण्यात भर पडते. ज्यांचा कान वाहतो किंवा पडद्याला भोक आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कानात काही घालू नये.

धोक्याची खूण घरीच कळते. गाडीवरून उतरल्यावर कान भरल्यासारखे वाटणे, बारीक शिट्टी वाजणे, टीव्हीचा आवाज सकाळपेक्षा वाढवावा लागणे. पहिल्या दिवसांत हे रात्रभराच्या झोपेने जाते. जाईनासे झाले, की चाचणी करून घ्या. एक दिवसही लांबवू नका.

आणि कारखानदारांना माझी विनंती आहे. बोळ्यांची एक जोडी कामगाराला घरी नेऊ द्या, जाता-येता वापरायला. श्रवणचाचणी करताना दुचाकी किती चालवतो, हेही विचारा, आणि अहवाल कामगाराच्या हातात द्या. माझ्या त्या रोग्याची त्याच्या कंपनीत दोनदा चाचणी झाली होती. कागद फाइलला लागले. त्याला कोणी काही बोलले नाही. उद्या भरपाईचा प्रश्न आला तर कंपनी मोटारसायकलकडे बोट दाखवील आणि कामगार मशीनकडे. आलेखावर आवाजाच्या मालकाचे नाव उमटत नाही. मात्र रस्त्याचे निमित्त सांगून मशीनचा आवाज कुणी माफ करून घेऊ नये, हेही बजावून ठेवतो.

तो तरुण आता पूर्ण हेल्मेट आणि बोळे वापरतो. शिट्टी गेलेली नाही, ती बहुधा जाणारही नाही. वाढू नये एवढेच आमच्या हाती. मुलीला त्याने सांगून ठेवले आहे, बाबांशी बोलायचे तर समोर येऊन बोलायचे. ती बिचारी तसे करते. ज्यांच्या घरी अजून मागून मारलेली हाक ऐकू येते, त्यांनी उद्या सकाळी गाडी काढण्यापूर्वी एवढे करावे. हा लेख या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देऊ नये.