दुखणे सोसायचे तरी किती?



आमच्या शेजारची मुलगी भूलतज्ज्ञ डॉक्टर आहे. बाप गिरणीत साचेवाला होता, आई भाजी विकायची. लेक आज ऑपरेशनच्या टेबलाशी रुग्णाच्या उशाला उभी राहते. परवा ती भूलतज्ज्ञांच्या परिषदेला जाऊन आली आणि रविवारी सकाळी आमच्याकडे चहाला बसली. आम्ही विचारले, "काय गं, इतके डॉक्टर जमून बोलता तरी काय? इंजेक्शन दिले, माणूस झोपला, काम संपले!"

ती हसली. "काका, झोपवणं सोपं. ऑपरेशनभर त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब सांभाळायचा आणि त्याला सुखरूप जागं करायचं, हे आमचं काम."

भुलेची विद्या फार जुनी नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रुग्णाला ईथर हुंगवले आणि शल्यवैद्य वॉरन यांनी त्याच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया केली. पुढच्याच वर्षी ईथर कलकत्त्यात पोहोचले. त्यापूर्वी माणसाला धरून, बांधून कापावे लागे. म्हणून १६ ऑक्टोबर हा दिवस जगभर भूलदिन म्हणून पाळतात.

परिषदेत वक्त्यांनी नवी यंत्रे, नवी औषधे दाखवली. पण जेवणाच्या रांगेत तालुक्याच्या डॉक्टरांचे बोलणे वेगळेच होते. एक म्हणाला, "यंत्रं पाहून डोळे दिपले, पण आमच्याकडे मी एकटाच. एका दवाखान्यातून दुसऱ्यात पळतो." दुसरी म्हणाली, "वेदनेवरचं व्याख्यान सगळ्यांत मोलाचं होतं, पण हॉल अर्धा रिकामा."

ते व्याख्यान कर्करोगाच्या वेदनेवर होते. ते ऐकताना आम्ही गप्प झालो. १९९९ साली आमच्या आत्याला तोंडाचा कर्करोग झाला. शेवटी डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुचवल्या. आम्ही बी. कॉम. झालेले, घरातले शहाणे! "ती नशेची गोळी, सवय लागेल," म्हणून आम्हीच नको म्हणालो. आत्या रात्री म्हणायची, "बाळा, काहीतरी दे रे." आम्ही म्हणायचो, "सोस गं थोडं." दीड महिना तिने सोसले आणि गेली.

हे सांगितल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "काका, कर्करोगाच्या वेदनेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिलेल्या मॉर्फिननं सहसा व्यसन लागत नाही. पोट साफ होत नाही, झोप येते, त्यावर उपाय करता येतात. आणि ज्याचे दिवस मोजके उरलेत, त्याला सवय लागेल म्हणून तळमळत ठेवायचं का?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

चूक एकट्या आमची नव्हती. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. मॉर्फिन अफूपासूनच होते. तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांची कटकट इतकी वाढली की रुग्णालये ते ठेवीनाशी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कर्करोगाची वेदना पायरीपायरीने कशी शमवावी हे सांगितले होते. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल हेही मूळचे भूलतज्ज्ञ. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर २०१४ साली कायदा सुधारला आणि मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकच नियम ठरवण्याची वाट मोकळी झाली. परंतु कायदा बदलला तरी घराघरातली भीती आपणच घालवायची आहे.

मुलीने जाताना आमच्या वाचकांसाठी चार गोष्टी सांगितल्या. त्या कात्रण करून ठेवा.

१. ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञाला खरे सांगा. मिश्री, तंबाखू, दारू, दमा, हलणारा दात, चालू गोळ्या, आधी भुलेचा झालेला त्रास, काही लपवू नका. तिथे लाजण्यात जिवाला धोका आहे.

२. उपाशी ठेवतात त्याला कारण आहे. भुलेत पोटातले अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकते. "पोर रडतंय, एक बिस्कीट देऊ," असे करू नका.

३. ऑपरेशननंतर दुखत असेल तर सांगा. दुखण्यामुळे माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि छातीत कफ साठतो.

४. कर्करोगाचा रुग्ण घरी असेल तर "वेदनेचा इलाज कुठे होतो?" असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आपल्या माता-भगिनींना सोसण्याचे कौतुक फार. बाई जितकी सोसेल तितकी चांगली, असे आपणच म्हणतो. आमच्या आत्यालाही सगळे सोशिक म्हणत. आज वाटते, तिने तेव्हा आरडाओरडा केला असता, आमच्याशी भांडली असती, तर बरे झाले असते. तुमच्या घरात कोणी "दुखतंय" म्हणाले, तर "सोस" म्हणू नका. उठा आणि डॉक्टरांना विचारा.