कारागिराचा हात आणि विम्याचा हिशेब

दुकानाला आग लागली तर काय, याचा विचार आमच्या बाजारातला प्रत्येक व्यापारी करतो. बँकेची कॅश क्रेडिट घेतली की मालाचा विमा उतरवावाच लागतो. गोदामातले तागे, शिलाई मशिनी, टेम्पो, सगळे कागदावर सुरक्षित असते. पण ज्या हाताने तो तागा कापला जातो त्या हाताचा विमा कुणी उतरवला आहे, असे बीडच्या कापड लाइनमध्ये विचारले तर लोक हसतात. आम्हीही बरीच वर्षे हसलो. उर्दू शाळेत हिशेब शिकलो, पाढे पाठ केले, वडिलांच्या गादीवर बसून वही लिहायला शिकलो. पण माणूस चार महिने घरी बसला तर त्याचा जमाखर्च कोणत्या पानावर लिहायचा, हे कुणी शिकवले नाही.

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. जूनमध्ये शाळा उघडतात म्हणून गणवेशाचे काम जोरात होते. आमचे कटिंग मास्तर वीस वर्षांचे जुने. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. कापडाची चळत लावून मशिनीने कापताना उजव्या हाताची तर्जनी गेली आणि अंगठ्याची शीर कापली गेली. हाताला जाळीचा पोलादी मोजा असतो, तो खुंटीवर टांगलेला होता. गरम होते म्हणून ते घालत नसत, आणि घाला म्हणून आम्ही कधी जोर धरला नाही. ही चूक आमची.

दवाखान्याच्या खर्चाचे म्हणाल तर बाजार धावून आला. एका संध्याकाळी चंदा जमला. आपल्या लोकांचे हे मोठेपण आहेच, ते नाकारण्याचे कारण नाही. पण चंदा ऑपरेशनला मिळतो, चौथ्या महिन्याच्या किराण्याला मिळत नाही. पहिल्या आठवड्यात घर भरून माणसे येत होती, ऑगस्टमध्ये मास्तरांच्या दारात फक्त दूधवाला उभा होता.

त्यांच्या बँक खात्यातून पंतप्रधान सुरक्षा बीमा योजनेचे वर्षाचे २० रुपये कापले जात होते. आम्ही मोठ्या उमेदीने बँकेत गेलो. तिथे समजले की ही योजना मृत्यू झाला, किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय गेले तर २ लाख देते. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. एका बोटाला काही नाही. पाय मोडून सहा महिने खाटेवर पडलात तरी काही नाही. २० रुपयांत याहून जास्त मागणे वाजवी नाही, आणि प्रत्येकाने ते २० रुपये भरावेतच. पण २० रुपये भरले म्हणजे आपला विमा झाला, या समजुतीत राहू नये.

आम्ही मात्र दुकानातल्या माणसांसाठी एका कंपनीची अपघात पॉलिसी घेतली होती. एजंट ओळखीचा, म्हणून घेतली; वाचून घेतली नाही. तिच्यात आठवड्याला ठरावीक रक्कम मिळण्याची सोय निघाली. कागद करता करता महिना गेला. मास्तरांची कमाई किती, याचा पुरावा मागितला. तुकड्यावर काम, रोख पैसा, कच्ची वही. एका माणसाची वीस वर्षांची कमाई सिद्ध करायला आमच्याकडे एक सही केलेला कागद नव्हता. कसेबसे जमवले आणि रक्कम सुरू झाली.

खरी गंमत पुढेच आहे. डॉक्टरांनी सांगितले होते की हात हलता ठेवा, नाहीतर आखडेल. मास्तर दोन महिन्यांनी दुकानात येऊ लागले. काउंटरवर बसायचे, गिऱ्हाइकाचे माप सांगायचे, नव्या पोराला खडूने आखणी दाखवायचे. दिवसाचे दोन-तीन तास. चेहऱ्यावर रौनक आली होती. कंपनीचा तपासणीस आला, त्याने त्यांना काउंटरवर पाहिले आणि आठवड्याची रक्कम बंद झाली. कारण पॉलिसीत लिहिले होते की विमाधारक ‘कोणतेही काम’ करण्यास पूर्ण असमर्थ असेल तोपर्यंतच पैसे मिळतील. दोन तास बसला म्हणजे तो समर्थ! त्या दोन तासांत त्यांच्या जुन्या कमाईचा चौथा हिस्साही येत नव्हता. बायकोने हिशेब केला आणि मास्तर घरी बसले. पुन्हा रक्कम मिळेल या आशेने तीन महिने बसले. रक्कम मिळाली नाही, आणि हात आखडला.

आमचे म्हणणे एवढेच आहे की ज्या विम्याने माणसाला कामावर परत आणायला हात द्यायचा, त्यानेच त्याला घरी बसवले. यात कंपनीने बेकायदा काही केले, असे नाही. करारात लिहिले होते तसेच घडले. तो करार आम्ही निवडला होता.

इंग्लंडसारख्या देशांत उत्पन्न-संरक्षण विमा म्हणून वेगळाच प्रकार चालतो. माणूस आजारी पडला किंवा जखमी झाला तर ठरलेले काही आठवडे थांबून त्याच्या कमाईचा काही हिस्सा दरमहा मिळू लागतो. तो अर्ध्या वेळेवर किंवा हलक्या कामावर परत आला तर पैसे एकदम तोडत नाहीत. कमाईत जेवढी तूट राहते त्या प्रमाणात देत राहतात. अनेक कंपन्या व्यायामोपचाराचा, नवे काम शिकण्याचा खर्चही करतात. परोपकार म्हणून करतात असे नव्हे. माणूस लवकर कामाला लागला तर कंपनीचेच पैसे वाचतात. व्यापाऱ्याला ही भाषा समजायला हरकत नाही. जर्मनीत १८८४ साली कामगारांचा अपघात विमा कायद्याने आला आणि आज तिथे तत्त्व असे आहे की आधी माणूस कामावर उभा करून पाहा, नाही जमले तर पेन्शन.

आपल्याकडे असे काहीच नाही, असेही नाही. कर्मचारी राज्य विमा, ज्याला वाळूज-चिकलठाण्याला कामाला गेलेली आपली पोरे ‘ईएसआय’ म्हणतात, त्यात कामावर अपघात झाला तर मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम बरे होईपर्यंत मिळते. आजारपणात ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. रजेवर असताना काम केले तर त्या दिवसाचे पैसे तिथेही नाहीत. पण कायमचे अपंगत्व ठरले की जी मासिक रक्कम सुरू होते ती माणूस पुन्हा कामाला लागला म्हणून थांबत नाही. शिवाय ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व आलेल्या, ४५ वर्षांच्या आतल्या कामगाराला व्यवसाय पुनर्वसन केंद्रात नवे काम शिकता येते आणि त्या काळात दिवसाला १२३ रुपये किंवा केंद्राची फी, यातले जे जास्त असेल ते महामंडळ देते. अशी केंद्रे देशात पहिल्यांदा मुंबई आणि हैदराबादला १९६८ साली निघाली. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था १९५५ पासून आहे. आपल्यातले किती लोक दर्ग्यावर जाऊन येतात, शेजारच्या त्या इमारतीत काय चालते हे फारसे कुणी विचारत नाही.

अडचण अशी की ईएसआय दहा माणसांच्या आस्थापनेपासून लागू होते. आपल्या मोमीनपुऱ्यातल्या, माजलगाव-अंबाजोगाईच्या दुकानात दहा माणसे कुठली? तिथे तीन-चार जण आणि एक मालक, तोही मशिनीवर बसणारा. सगळे कायद्याच्या छत्रीच्या बाहेर भिजत उभे.

ऊसतोड मजुरांचे तर आणखी वेगळे. आमचा धंदा त्यांच्यावर चालतो; उचल मिळाली की कपडा विकला जातो, कारखाना उरकून परत आले की पुन्हा विकला जातो. त्यांच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवऱ्याचा पाय कापला गेला तर अर्धा कोयता उरत नाही, अख्खा कोयताच मोडतो, आणि उचल तशीच अंगावर राहते. विमा म्हणजे आधी हप्ता आणि संकटात पैसा. उचल म्हणजे आधी पैसा आणि संकटात कर्ज. आपल्या जिल्ह्याने हा उलटा विमा किती पिढ्या भरला आहे.

कायद्याने अपंगत्व कसे मोजतात, तेही समजून घेतले पाहिजे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे टक्के लिहिलेले होते. अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४ टक्के, एका हाताची दोन बोटे २० टक्के. (हा विषय आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे.) अंगठा ३० टक्के! शिंप्याला विचारा, चर्मकाराला विचारा. बीडच्या चामड्याच्या छागली आणि गुप्त्या एके काळी सरकारी गॅझेटियरात नोंदल्या गेल्या होत्या. त्या करणाऱ्याचा अंगठा ३० टक्के होता का?

इथे एका सुताराची हकिगत आठवणीत ठेवण्यासारखी आहे. ओडिशातल्या जेपोर गावी १९६८ साली सिनेमागृहात नक्षीकाम करताना तो पडला आणि डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाने वाद घातला की तक्त्याप्रमाणे हे पूर्ण अपंगत्व नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाने मान्य केले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाचे नुकसान शंभर टक्के. २०१० साली मोटार अपघाताच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केले: हात गेला तर शरीराचे नुकसान ६० टक्के असेल, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाईचे नुकसान जवळजवळ शंभर टक्के, आणि सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरीही जाणार नाही. म्हणजे तक्ता शेवटचा शब्द नाही. माणसाचा धंदा काय, हे आधी पाहावे लागते. दाव्याच्या कागदावर ‘मजूर’ असे न लिहिता ‘कटिंग मास्तर’, ‘जरीकाम’, ‘वेल्डर’ असे लिहिले पाहिजे, ते यासाठी.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. विमा नियामकाने सर्व कंपन्यांना एकसारखी ‘सरल सुरक्षा बीमा’ पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून द्यायला लावली. विमा रक्कम अडीच लाखांपासून. तिच्यात जादा हप्ता भरून तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचे कलम घेता येते. मग कामावर परतेपर्यंत, ठरावीक मुदतीत, आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के मिळतात. ५ लाखांवर हजार रुपये आठवडा, १० लाखांवर दोन हजार. फार नाही, पण किराणा चालतो. एजंट हे कलम बहुधा स्वतःहून सांगत नाही. आणि अर्धवेळ परतणाऱ्याचा प्रश्न यानेही सुटत नाही, कारण इथेही ‘कामावर परतला’ म्हणजे रक्कम संपली.

म्हणून आम्ही चार-सहा दुकानदारांनी वेगळा मार्ग धरून पाहिला. पॉलिसी घ्यायचीच, पण शिवाय प्रत्येक कारागिरामागे महिन्याला ५० रुपये मालकाने एका खात्यात टाकायचे. त्यातून घरी बसणाऱ्याला नव्हे, अर्धे काम सुरू करणाऱ्याला पैसे द्यायचे. समजा माणूस रोज ६०० कमवत होता आणि आता ३०० चे काम करतो. तुटीतले निम्मे, म्हणजे १५० रुपये खात्यातून. सहा महिने. हात सुधारला की रक्कम आपोआप कमी होते. एकाने विचारले, लोक लबाडी करतील. करतील. उधारीतही करतात, म्हणून उधारी बंद केली का?

काही वाचक बंधू विचारतील की विमा जायज आहे का. आम्ही मुफ्ती नाही. १९८५ च्या डिसेंबरात जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने नफ्याचा व्यापारी विमा नाजायज ठरवला, पण सहकारी तत्त्वावरचा, एकमेकांच्या मदतीचा विमा मान्य केला, एवढे ठाऊक आहे. बाकी ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. मलेशियात सरकारी सामाजिक सुरक्षा संस्थेने २००७ साली ‘कामावर परत’ अशी योजनाच काढली. जखमी माणसामागे एक अधिकारी लागतो, तो डॉक्टर, मालक आणि कामगार यांच्यात फिरतो. २०१४ मध्ये मलाक्काला मोठे पुनर्वसन केंद्र उभे राहिले. २०१७ पासून टॅक्सीवाल्यांसारख्या स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही अपघात विम्यात घेतले. कर्मचाऱ्याची सही नाही, मालकाचा दाखला नाही, तरी त्यांना जमले. आपल्या रिक्षावाल्याला, शिंप्याला का जमू नये, याचे उत्तर दिल्लीत आणि मुंबईत मागायला हवे. ते मागणारे निवेदन आमच्या व्यापारी मंडळींनी आजवर दिलेले नाही. जकात, जीएसटी, पार्किंग यांवर मात्र ढीगभर दिली आहेत.

मास्तरांचे विचाराल तर ते आज दुकानात आहेत. मशीन चालवत नाहीत. कागदावर साचा आखतात, दोन पोरांना कटिंग शिकवतात, गणवेशाच्या मापाची वही तेच ठेवतात. पूर्वीच्या कमाईच्या पाऊण हिश्शावर आले आहेत. अंगठा अजून पुरता मिटत नाही, कात्री धरताना सुटते. मशिनीवर बसणाऱ्या पोराने पोलादी मोजा काढला की त्यांची आरडाओरड बाहेर रस्त्यावर ऐकू येते. पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. एजंटाला आम्ही कळवले आहे की या वेळी मजकूर आधी दाखव, आणि मास्तरांना समोर बसवून वाचून दाखव.