थोडं गाडीनं, थोडं पायी

सांगलीच्या एका वाचक भगिनींचं चार पानी पत्र आलंय. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, लेक मार्गी लागली, आणि साठवलेल्या पैशातून दोघांनी येत्या सप्टेंबरात इटलीला जायचं ठरवलंय. मुक्काम बारा दिवसांचा. यजमानांनी कागदावर आठ शहरं लिहून काढली आहेत आणि सगळीकडे स्वतः गाडी चालवत जायचा त्यांचा बेत आहे. बाईंचा गुडघा दुखतो. शिवाय तिथंही सकाळ-संध्याकाळ आपण बॅगाच भरत बसणार असू, तर एवढे पैसे खर्चून जायचं कशाला, असं त्यांनी स्पष्टच विचारलंय.

रास्त प्रश्न आहे. मी सांगेन, आधी त्या यादीला कात्री लावा. गाव बदललं की बॅग भरणं, खोली सोडणं, नवी खोली शोधणं यात अर्धा दिवस जातो, आणि तो अर्धा दिवस बहुतेक घरातल्या बाईचाच जातो! बारा दिवसांत तीन मुक्काम पुरेत. पहिले तीन दिवस रोम. मग आगगाडीनं फ्लॉरेन्स. वेगवान गाडीनं दीड तासाचंच अंतर आहे. तिथून मोटार घेऊन टस्कनीच्या खेड्यात सहा दिवस, आणि मोटार परत करून उरलेले दिवस फ्लॉरेन्समध्ये पायी. मोठ्या शहरात मोटार म्हणजे विकतचं दुखणं. मोटार फ्लॉरेन्सच्या विमानतळावरून घ्यावी, म्हणजे गावच्या गल्ल्यांत शिरावंच लागत नाही.

आता कागदपत्रं. आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आर.टी.ओ.कडून मिळतो आणि एक वर्ष चालतो. मूळ लायसन्सही जवळ हवंच. तुम्हाला स्वतःला गाडी येत असेल तर तुमचाही परवाना काढा, आणि मोटार घेताना दुसरा चालक म्हणून तुमचं नाव आवर्जून घालून घ्या. ह्यांची पाठ धरली किंवा ताप आला तर परमुलखात खेड्यात अडकून पडायला नको. तिथल्या बहुतेक मोटारी गिअरच्या असतात. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून गिअर उजव्या हाताशी येतो आणि रस्त्यानं उजव्या बाजूनं जायचं. गिअरची कटकट नको असेल तर तशी मोटार आधीच मागून ठेवावी लागते.

शेजारी बसणाऱ्या बाईनं काही गोष्टी पाठच करून ठेवाव्यात. हिरव्या पाट्या म्हणजे टोलचा महामार्ग. बहुतेक ठिकाणी शिरताना तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. ‘तेलेपास’ लिहिलेल्या पिवळ्या रांगेत मात्र जायचं नाही, ती तसं यंत्र बसवलेल्यांची. महामार्गावर ताशी १३० किलोमीटर, साध्या रस्त्यावर ९०, गावात ५० ही मर्यादा. गाडी उभी करायची तर पांढऱ्या रेघांत बहुधा फुकट, निळ्या रेघांत पैसे, पिवळ्या रेघा राखीव. पेट्रोलला ‘बेंझिना’ म्हणतात आणि डिझेलला ‘गाझोलिओ’. हे दोन शब्द कागदावर लिहून समोर चिकटवून ठेवा, चुकीचं तेल भरलं तर सहलच उभी राहील.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ‘झोना त्राफ्फिको लिमितातो’, थोडक्यात झेड.टी.एल. इटलीतल्या बहुतेक जुन्या गावांचा मधला भाग बाहेरच्या गाड्यांना बंद असतो. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ असतं, पण अडवायला शिपाई नसतो. वर कॅमेरा असतो, तो नंबर टिपतो. त्या वेशीतून शिरलात की दंड. नोटीस घरी येते ती कित्येक महिन्यांनी, आणि मोटार देणारी कंपनी तुमचं नाव कळवल्याचे आपले पैसे निराळे कापते. वेशीवर ‘वार्को आत्तिवो’ अशी अक्षरं दिसली की बंदी चालू आहे असं समजायचं. मोबाइलवरच्या नकाशावर विसंबू नका, तो कधीकधी सरळ आत नेऊन घालतो. गावाबाहेरच्या वाहनतळाचं नाव आदल्या रात्री शोधून ठेवा आणि नकाशात गावाचं नाव न घालता त्या वाहनतळाचंच घाला. एवढी एक युक्ती पाळली तरी पुष्कळ मनस्ताप वाचेल.

फ्लॉरेन्सहून निघालात की पहिल्या दिवशी महामार्ग सोडा आणि ‘कियांतिजाना’ नावाचा जुना रस्ता धरा. द्राक्षमळ्यांतून, ग्रेव्हे गावावरून तो सिएनाला जातो. अंतर सत्तरेक किलोमीटर, पण वळणं इतकी की न थांबता दोन तास लागतात. मळमळत असेल तर पोट अगदी रिकामं ठेवू नये, आणि चालवायची पाळी घ्यावी. चालवणाऱ्याला वळणं कमी लागतात.

मुक्काम पिएन्झाच्या आसपास शेतातल्या घरात करावा. त्याला ‘आग्रितुरिस्मो’ म्हणतात, म्हणजे शेतकऱ्यानं शेती सांभाळून पाहुणे ठेवायचे. त्यासाठी इटलीत १९८५ साली कायदाच झाला. इथून वाल दोर्चा हे खोरं पाहायचं. सान क्विरिको ते पिएन्झा ते माँतेपुल्चानो हा रस्ता जेमतेम पंचवीस किलोमीटरचा आहे, पण एका दिवसाला तेवढाच पुरे. सकाळी लवकर निघा. त्या वेळी टेकड्यांवर धुकं असतं आणि रस्त्यावर गर्दी नसते. सप्टेंबरात शेतं नांगरलेली, तपकिरी दिसतात. चित्रातली हिरवीगार टेकडी हवी असेल तर एप्रिल-मेमध्ये जायला हवं, हे यजमानांना आधीच सांगून ठेवा. वाटेत बान्यो विन्योनी हे इवलंसं गाव आहे. तिथं चौकाच्या जागी गरम पाण्याचं मोठं कुंडच आहे! त्यात उतरायला बंदी आहे, काठावर बसून पाहावं.

पिएन्झा हे दुखऱ्या गुडघ्यासाठीच बांधल्यासारखं गाव. पोप पायस दुसरा इथला. आपल्या जन्मगावाचं त्यानं १४५९ पासून बेर्नार्दो रोसेल्लिनो या वास्तुकाराकडून नवं रूप करवून घेतलं. मुख्य रस्ता छोटा आणि बराचसा सपाट. तटावरून चालत गेलं की सगळं खोरं आणि पलीकडे आमिआता डोंगर दिसतो. माँतेपुल्चानो मात्र सरळ चढाचं, तिथं खालून वर जायला छोटी बस आहे, तिनं जा आणि चालत उतरा. तेही हळूहळूच, कारण गुडघ्याला उतार जास्त जाचतो.

एक दिवस पेरूजाला जाच, असा माझा आग्रह आहे. गाव डोंगरमाथ्यावर, पण १९८३ पासून सरकते जिने आहेत, आणि ते जातात कुठून, तर जमिनीखालच्या गावातून. सोळाव्या शतकात पोप पॉल तिसऱ्यानं ह्या गावाला धाकात ठेवण्यासाठी किल्ला बांधला, तेव्हा एक वस्तीच्या वस्ती त्याच्या पोटात गाडली गेली. पुढे किल्ला पाडला, तळाच्या गल्ल्या राहिल्या. जिन्यावर उभ्या उभ्या तुम्ही लोकांच्या जुन्या दारांवरून वर जाता. एवढं पाहायला मिळतं आणि गुडघ्याला एक पायरीही चढावी लागत नाही! सिएनालाही वाहनतळापासून वर सरकते जिने आहेत. तिथल्या शिंपल्यासारख्या उतरत्या चौकात लोक खुशाल जमिनीवर बसतात, तुम्हीही बसा.

यादीतला अमाल्फीचा किनारा मी खोडलाय. रस्ता फार देखणा, पण समोरून बस आली की भिंतीला घासून उभं राहावं लागतं. शिवाय २०२२ पासून हंगामात ठरावीक दिवशी गाडीच्या नंबराच्या शेवटच्या आकड्यावर प्रवेश ठरतो. कधी गेलातच तर सालेर्नोहून बोटीनं जा.

चालायला रोज दोनच वेळा, सकाळ आणि संध्याकाळ. दुपारी साडेबारा ते साडेतीन-चार छोट्या गावांतली दुकानं आणि पुष्कळ चर्च बंदच असतात. तेव्हा जेवा, पाय वर करून पडा. संध्याकाळी सगळं गाव नटूनथटून फेरफटका मारायला निघतं, त्यात सामील व्हा. दगडी फरसबंदीवर जाड तळाचे जुने, पायात मुरलेले बूट घाला, नवे कोरे नकोत. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तेव्हा साडी-सलवारला कुणी हरकत घेत नाही.

शाकाहारी असाल तर ‘पीची आल्यॉने’ मागा, जाड शेवयांसारखा पास्ता, टोमॅटो-लसणाच्या रश्शात. सूप घेताना ‘ब्रोदो’ विचारून घ्या, ते बहुधा मांसाचं पाणी असतं. पार्मेजानो चीज वासराच्या जठरातल्या विरजणानं करतात, कडक शाकाहारी असाल तर ते वरून घालू नका म्हणून सांगा. टस्कनीचा पाव अळणी असतो, तो शिळा नाही, तसाच करतात. शेतघरात स्वयंपाकघर असतं खरं, पण सकाळचा चहा आणि रात्रीचा एखादा भात यापलीकडे तिथं उभं राहायचं नाही, हे निघण्यापूर्वीच घरात ठरवून टाका.

डब्याबद्दलही विचारलंय. चिवडा, चकली, मेतकूट न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला तिथं बंदी आहे, म्हणून तुपाची बाटली आणि पेढ्यांचा पुडा घरीच ठेवा.