झुंबरांतील दिवे

'चित्रपट म्हणजे इतिहासाचें पाठ्यपुस्तक नव्हे,' हें वाक्य आजकाल इतक्या वेळां कानांवर येतें कीं, तें उच्चारल्यावर पुढें कांहीं सिद्ध करण्याची गरजच उरत नाहीं. आम्हांलाही तें वाक्य मान्य आहे. परंतु ज्या चुका झांकण्यासाठीं तें वापरलें जातें त्या मान्य नाहींत. आणि ज्या गोष्टींवर आपला प्रेक्षकवर्ग चवताळून उठतो त्या बहुधा चुकाच नसतात, अशी आमची दुहेरी तक्रार आहे.

दिग्पाल लांजेकर यांच्या शिवकालीन चित्रमालेंत पन्हाळ्याच्या १६७३ मधील विजयाचा 'फर्जंद' २०१८ सालीं आधीं आला आणि १६६० मधील घोडखिंडीचा 'पावनखिंड' २०२२ सालीं मागाहून. त्या खिंडींत बाजीप्रभूंच्या रूपानें देह ठेवणारे अजय पुरकर पुढच्याच वर्षीं 'सुभेदार'मध्यें तानाजी होऊन पुन्हा गड चढले. सांधे तपासणाऱ्या टीकाकाराला हें मोठेंच घबाड! आम्ही मात्र यांत दोष पाहत नाहीं. आमच्या शेजारीं जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यांत मुखवटा चढला कीं ओळखीचा शेजारीही देव होतो, आणि सकाळीं तोच माणूस पुन्हा नांगरामागें चालतो. चेहरा आणि पात्र यांतील भेद ज्यांना उपजत कळतो त्यांच्यापुढें ही तक्रार मांडणें हास्यास्पद होय.

पण डिसेंबर २०२२ मध्यें महेश मांजरेकर यांच्या प्रतापराव गुजरांच्या कथेवरील नियोजित चित्रपटाची पहिली झलक आली. तींत महाराजांच्या भूमिकेंत अक्षय कुमार चालत येत आहेत आणि झुंबरांत चक्क विजेचे दिवे आहेत! महाराज निवर्तले १६८० सालीं. एडिसननें आपला दिवा पेटविला तो १८७९ सालीं. लोक पोटभर हंसले व विषय मिटला. आम्ही विचारतों, त्या झुंबरावरून किती जणांची नजर फिरली असेल? नेपथ्यकाराची, छायालेखकाची, संकलकाची, दिग्दर्शकाची. एवढ्यांपैकीं एकालाही ते दिवे खटकूं नयेत, याला कल्पनास्वातंत्र्य म्हणत नाहींत. कवि चंद्राला बोलवूं शकतो. पण आपण त्याला बोलावलें आहे हें त्याला ठाऊक असतें.

चंद्रावरून आठवलें. सिंहगड घेतला ती रात्र माघ वद्य नवमीची, ४ फेब्रुवारी १६७० ची. त्या तिथीला चंद्र उगवतो तो मध्यरात्रीच्या सुमारास, आणि तोही अर्धामुर्धा. कोणी चढाईच्या प्रसंगीं पूर्णचंद्र टांगला, तर मुरबाडच्या कोणत्याही पाड्यावरील म्हातारी त्याला वेडा ठरवील. मात्र अशा चुकीवर आजवर कोणी मोर्चा काढलेला आमच्या ऐकण्यांत नाहीं. मोर्चे निघतात ते वेगळ्याच कारणांनीं. जानेवारी २०२५ मध्यें 'छावा'च्या झलकेंत संभाजीमहाराज लेझीम खेळतांना दिसले, तेव्हां केवढा गहजब झाला! अखेर दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनीं तो भाग वगळण्याचें जाहीर केलें. त्या काळीं लेझीम कोणत्या रूपांत होती, कोण खेळत असे, ही चौकशी विद्यार्थ्याला शोभणारी होती. पण वाद रंगला तो बहुतांशीं मानापमानाचा. ज्यांना एका नाचानें अपमान वाटतो, त्यांना विजेच्या दिव्याचें केवळ हंसूं यावें, हें आम्हांला मुळींच समजत नाहीं. ज्याच्या नांवानें आपण छाती पिटतों त्याचें घर कसें उजळत असे, हें पाहण्याचेही कष्ट न घेणें, हा अपमान नव्हे काय?

आमच्या वर्गांत शहापूरकडील एक विद्यार्थी आहे. घर माहुलीच्या पायथ्याशीं. एका चित्रपटांतील मावळ्यांच्या मागें लालभडक फुललेलें झाड पाहून तो आम्हांला म्हणाला, "सर, गुलमोहर तर आमच्या शाळेपुढें आहे. तो तेव्हां होता का?" नव्हता. तें झाड मूळचें मादागास्करचें. आपल्याकडे रुळलें तें एकोणिसाव्या शतकांत. हा प्रश्न विचारण्यासाठीं त्याला भावना दुखवून घ्याव्या लागल्या नाहींत.

त्याच्या माहुलीवर अद्याप कोणाची मालिका वळलेली दिसत नाहीं. १६३६ मध्यें शहाजीराजांना शरण जावें लागलें तें येथें. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत दिलेल्या तेवीस किल्ल्यांत हाही होता. १६७० मध्यें यावरील पहिला हल्ला फसला आणि त्याच वर्षीं पुढें तो स्वराज्यांत परत आला. पराभव दाखविण्याची छाती असलेला कोणी दिग्दर्शक आसनगांवास उतरलाच, तर त्यानें या मुलाला बरोबर घ्यावें. गडावरचीं कोणतीं झाडें जुनीं व कोणतीं परवांचीं, हें तो चालतां चालतां सांगेल.