शोधायला कोण शिकवणार?

12 ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन एस. आर. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. गणित शिकवणारे रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांतला चौथा. इंटरनेटवर तासन्‌तास घालवूनही हाती काही न लागणाऱ्या मुलांकडे पाहिले की आज तोच आधी आठवतो.

नववीतल्या मुलीला प्रकल्पासाठी ‘1972 चा दुष्काळ’ हा विषय मिळतो. ती मोबाइलवर तेवढेच शब्द टाकते, वर आलेला मजकूर वहीत उतरवते, दोन चित्रांच्या प्रिंट चिकटवते. गुणही मिळतात. तिला दोष देणे अन्यायाचे आहे. शोधायचे कसे, हे तिला कोणी दाखवलेलेच नाही.

तिच्याशेजारी जाणते कोणी बसले, तर ‘रोजगार हमी योजना’, ‘वि. स. पागे’ (या योजनेचे जनक), ‘मिलो’ (तेव्हा आयात झालेली तांबडी ज्वारी), ‘सुकडी’ (दुष्काळी कामांवर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ) असे नेमके शब्द ती देवनागरीत टाकून पाहील. मराठी विश्वकोश आणि जिल्हा गॅझेटिअर घरबसल्या वाचता येतात, हे तिला कळेल. मग खरी गंमत सुरू होते. रोजगार हमीचे साल एके ठिकाणी 1972 दिसते, दुसरीकडे 1977, तिसरीकडे 1979. चूक कोणाची? कोणाचीच नाही. योजना 1972 ची, कायदा 1977 चा आणि त्याचा अंमल 1979 पासून. हा उलगडा स्वतः करणारी मुलगी पुढे कोणतीही तारीख डोळे झाकून उतरवणार नाही. शिवाय दुष्काळी कामावर खडी फोडलेली आजी घरातच असेल, तर तिला काय विचारायचे हेही या मुलीला सुचेल.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता सफाईदार मराठीत उत्तर देते. कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचे नावही देते. म्हणून ‘हे कुठून आले?’ असे विचारून मूळ पान उघडून पाहण्याची सवय शाळेतच लागायला हवी.

हे काम ग्रंथपालाचे आहे. पण अनेक शाळांत ग्रंथपाल अर्धवेळ आहेत, कित्येक ठिकाणी नाहीतच. ग्रंथालयाची किल्ली एखाद्या शिक्षकाकडे आणि ग्रंथालयाचा आठवड्याचा तास फक्त वेळापत्रकापुरता. सरकारने ही पदे पूर्णवेळ भरावीत. तोवर मुख्याध्यापकांनी आठवड्याचा तो एक तास तरी मुलांना शोध शिकवण्यासाठी मोकळा ठेवावा, आणि प्रकल्प तपासताना माहिती कुठे मिळाली, ती कशी पडताळली, यालाही गुण द्यावेत.