जुने भिंग, कासचे पठार

पुष्कळ घरांच्या कपाटात, जुन्या चोपड्यांच्या शेजारी, चामड्याच्या पेटीत एक फिल्मचा कॅमेरा वर्षानुवर्षे पडून असतो. फिल्म धुणारे स्टुडिओ दुर्मिळ झाल्यामुळे तो निरुपयोगी ठरला, हे एक वेळ मान्य. परंतु त्याबरोबर भिंगही भंगारात देणे हा निव्वळ तोट्याचा सौदा होय. जी काच फिल्मवर प्रतिमा पाडीत होती, तीच आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातही पाडते. मध्ये लागते ते धातूचे एक कडे, म्हणजेच अ‍ॅडाप्टर.

सोव्हिएत बनावटीचे हेलिओस ४४-२ हे अशा भिंगांतील सुपरिचित नाव. जर्मनीच्या झाइस बायोटारच्या रचनेवर बेतलेले हे ५८ मिलिमीटरचे भिंग ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांनी कॅमेऱ्यावर बसते. त्यात मोटर नाही की विजेचा संपर्क नाही. म्हणून मिररलेस कॅमेऱ्यात ‘भिंगाविना चित्रण’ ही सोय आधी चालू करावी लागते. निकॉनच्या डीएसएलआरवर मात्र साध्या कड्याने दूरचे डोंगर स्पष्ट येत नाहीत, कारण तेथे भिंग व सेन्सर यांतील अंतर मिलिमीटरभर अधिक पडते. कडे विकत घेण्यापूर्वी एवढी खात्री करून घ्यावी.

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरील कासचे पठार अशा भिंगाची खरी परीक्षा घेते. पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यांपैकी हे एक. जांभ्या खडकावरील मातीचा थर इतका पातळ की त्यावर तग धरतात त्या वनस्पतीही चिमुकल्याच. ऐन चातुर्मासात, ऑगस्टअखेरीपासून, तेथे सोनकी, तेरडा, गेंद आणि जांभळी सीतेची आसवे फुलतात.

हेलिओस अर्ध्या मीटरहून जवळचे स्पष्ट दाखवीत नाही. त्या अंतरावर छिद्र पूर्ण उघडे, म्हणजे एफ २ वर ठेवल्यास जेमतेम काही मिलिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट उमटतो. एफ ८ वर तो बराच वाढतो. वाऱ्याने डुलणाऱ्या फुलावर सतत कडे फिरवीत बसणे व्यर्थ असते. कडे एका जागी स्थिर ठेवावे, शरीर किंचित पुढेमागे झुकवावे आणि वारा थांबण्याची वाट पाहावी. वीस चित्रांतून दोन साधली तरी तो व्यवहार फायद्याचाच.

झुकताना पाय कुठे पडतो, हा प्रश्न मात्र चित्राहून मोठा आहे. डोळा कॅमेऱ्याला लागला की पायांचे भान सुटते. एका पावलाखाली सीतेच्या आसवांची कित्येक रोपे चिरडतात, आणि दाबली गेलेली ती ओली माती पूर्ववत होण्यास फार काळ लागतो. इर्यासमिती ऐकून वाढलेल्या घरातील तरुणांना हे वेगळे सांगावे लागू नये; तरीही वाटेपलीकडे एक पाय टाकून उभे राहिलेले चित्रकार दिसतातच. वाटेच्या कडेची फुलेही तितकीच देखणी असतात. अधिक जवळून चित्र हवे असेल, तर भिंगामागे लावायची पोकळ नळी, एक्स्टेन्शन ट्यूब, स्वस्तात मिळते.

घरी परतल्यावर भिंग लगेच चामड्याच्या पेटीत बंद करू नये. चामडे ओल धरून ठेवते आणि काचेवर बुरशीचे जाळे पसरते. कोरड्या कापडाने पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ते ठेवावे. पुड्या ओलावल्या की बदलाव्यात.